पिवळी बस वाडीवर येत नाही

आमच्याकडं शाळेवरून घराघरांत वाद लागतात ते मार्चमध्ये. उसाचं बिल खात्यावर आलेलं असतं, गावोगावच्या जत्रांमुळं पाहुण्यांची ये-जा वाढलेली असते, आणि त्याच सुमाराला इंग्रजी माध्यमाच्या शाळांची माणसं माहितीपत्रकं घेऊन दारात येतात. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानं सरकारी अनुदान न मागता शाळा काढायची वाट मोकळी करून दिली. त्यानंतर बघता बघता पिवळ्या बसा शाहूवाडीच्या डोंगरातल्या रस्त्यांपर्यंत पोचल्या. आधी त्या बांबवडे-सरूडच्या सपाटीवर दिसायच्या. आता मलकापूरच्या पुढं आंब्याच्या दिशेनं निघालं तरी सकाळी सातच्या आत एखादी बस समोरून येते.

माझं सासर याच पट्ट्यातलं, कडवीच्या खोऱ्यातलं. गावात जिल्हा परिषदेची विद्या मंदिर आहे, पहिली ते चौथी. वरच्या अंगाला धनगरवाडा आहे. माझी मुलगी या शाळेत आहे आणि पालक म्हणून मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. माझ्या धाकट्या दिरांनी त्यांच्या मुलाचं नाव पहिलीला इंग्रजी शाळेत घातलं, त्या वर्षी आमच्या शाळेचा पट वीसच्या खाली आला.

वीस हा आकडा आमच्या भागात सगळ्यांना पाठ आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारायचं ठरवलं. नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत ही उदाहरणं सांगितली गेली. तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांवर होत्या. शाळा बंद करणार नाही, असं सरकारनं वेळोवेळी सांगितलं. पण डोंगरातल्या माणसाला कागदावरच्या शब्दापेक्षा अंतर लवकर कळतं. आमच्या गावाहून पुढची शाळा तीन किलोमीटरवर आहे. मधे ओढा आहे, जंगलाचा पट्टा आहे, आणि पावसाळ्यात संध्याकाळी गव्यांचा कळप रस्त्यावर उभा असतो. शिक्षणहक्क कायद्याखालच्या नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळायला हवी असं सांगितलं आहे, ते असल्याच वाटांचा विचार करून.

दिरांचा निर्णय मला पटला नव्हता आणि तो मी स्वयंपाकघरात बोलूनही दाखवला. जाऊबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "अक्का, तुमी शिकलाय. तुमची पोरगी कुठंबी घातली तरी तुमी घरात शिकिवशिला. माज्या पोराला घरात कोण शिकिवणार?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी सरूडच्या कॉलेजातून बी. ए. झालेली. जाऊबाईंची शाळा सातवीला सुटली. त्यांच्या दृष्टीनं फी म्हणजे घरात जे नाही ते विकत घेण्याची किंमत होती. आणि ती किंमत काही थोडी नाही. आमच्या घरी दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं. शाळेची फी, बसचं भाडं, दोन गणवेश, बूट आणि पुस्तकांचा गठ्ठा धरला, तर एका म्हशीचं वर्षाचं दूध जवळजवळ त्यातच जातं. खाणं, पेंड, औषध वेगळंच. एवढं करून जी बाई पोराला बसमध्ये बसवते, ती बेफिकिरीनं वागते असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

दिरांचं कारण वेगळं होतं आणि ते जास्त झोंबणारं होतं. ते म्हणाले, "वैनी, तुमच्या शाळंत मास्तर असतोय किती दिवस?"

प्रश्न खरा होता. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हा कायद्याचा हिशेब. म्हणजे चार वर्गांना दोन माणसं. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. त्यातले एक गुरुजी बदली होऊन गेले आणि ती जागा बरेच दिवस भरलीच गेली नाही. उरलेल्या बाईंकडं चारही वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन भरायची माहिती, मतदारयाद्यांचं काम आणि वर केंद्रातल्या सभा. बाई आजारी पडल्या की शेजारच्या शाळेतून कुणी तरी यायचं, नाही तर आहार शिजवणाऱ्या मावशी मुलांना बसवून ठेवायच्या. पिवळ्या बसच्या शाळेत एका वर्गाला एक बाई असते. तिचा पगार किती, तिचं शिक्षण काय, हे कुणी विचारत नाही. पण ती वर्गात असते. आईबापाला दिसतं ते हेच.

सरकारी शाळा सोडून जाणाऱ्यांना नुसत्या इंग्रजीची हाव सुटली आहे, असं शहरातली बरीच जाणती माणसं लिहितात. आमच्या गावात तरी मला तसं दिसलं नाही. निम्म्याहून जास्त घरांनी पहिलं कारण सांगितलं ते शिक्षकाचं. भाषेचं कारण दुसरं.

भाषेच्या बाबतीत सर्वांत ठाम होते ते आमच्या आळीतले एक म्हातारे आजोबा. गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर मुंबई सोडून गावी आले. मला वाटायचं, मराठी शाळेची बाजू हेच घेतील. ते म्हणाले, "पोरी, गिरणीत कागद यायचा विंग्रजीत. साहेब म्हणायचा सही कर, आमी करायचो. कशावर केली त्ये संप मोडल्यावर कळलं. माजा नातू तसली सही करणार न्हाई." त्यांनी नातवाच्या फीसाठी पेन्शनमधले पैसे बाजूला काढून ठेवले होते. या माणसाला मातृभाषेतून शिकण्याचं महत्त्व मी कोणत्या तोंडानं सांगणार? मी एवढंच म्हटलं की आजोबा, आपल्या शाळेतही २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. पुस्तक नेऊन दाखवलं तेव्हा त्यांनी ते बराच वेळ चाळलं.

धनगरवाड्यावर मी गेले ती समितीच्या कामासाठी. वाड्यावरची सहा मुलं आमच्या शाळेत होती, आणि पटाचं जे काही व्हायचं त्याचा पहिला घाव तिथं बसणार होता. एका घरासमोर तिसरीतल्या मुलीची आई शेणी लावत होती. इंग्रजी शाळा बरी की आपली, असा प्रश्न मी विचारला. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "ताई, बस डांबरीवर थांबत्या. हितं कोण येतंय? तुमच्या गावातली पोरं बसनं गेली आन् ही शाळा मिटली, की आमच्या पोरींनी शेरडं राखायची."

मी आजवर शाळेविषयी जे काही ऐकलं-वाचलं, त्यात हे वाक्य मला सर्वांत खरं वाटतं. शाळा निवडणं हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे, असं आपण मानून चालतो. माझ्या दिरांनीही तसंच मानलं, आणि त्यांच्या जागी त्यांचं चुकलं असं नाही. पण आमच्या घरातला एक मुलगा बसमध्ये बसला की वाड्यावरच्या मुलीची शाळा एका नावानं अशक्त होते. आणि पटावरचं नाव जातं तेवढंच जात नाही. शाळेत जाऊन तक्रार करणारा, पंचायत समितीत अर्ज टाकणारा, सभेत आवाज चढवणारा बापही त्या नावाबरोबर जातो. मागं उरतात त्या घरांना ऑफिसात खुर्चीवर बस असं कुणी म्हणत नाही. माझा सगळा मुद्दा इथं आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली ती हजेरीपट बघताना. आमच्या शाळेत मुली जास्त, मुलगे कमी. सकाळी डांबरीवर जाऊन उभं राहिलं तर बसच्या रांगेत नेमकं उलटं. एकाच घरातला भाऊ टाय लावून बसला थांबलेला आणि बहीण दप्तर घेऊन चालत विद्या मंदिराकडं निघालेली, हे चित्र आमच्या गावात चार-पाच घरांत आहे. आमच्या घरातही आहे. दिरांची थोरली मुलगी माझ्या मुलीबरोबर चालत जाते आणि धाकटा मुलगा बसनं. "पोरीला कशाला तेवढा खर्च, ती काय लांब जाणाराय," हे आमच्या आत्ती उघड बोलतात. देशभरातल्या ग्रामीण पाहण्यांत खासगी शाळांत मुलग्यांचं प्रमाण जास्त दिसतं, हे मी पुढं वाचलं. तोवर ते आमच्याच ओसरीवर दिसलं होतं.

त्या ओसरीवरचा एक प्रसंग सांगते. पावसाळ्याचे दिवस होते, लाईट गेलेली. मुलाच्या शाळेची डायरी जाऊबाईंच्या हातात होती. तीत रोज बाईंचा इंग्रजी शेरा येतो आणि खाली पालकाची सही लागते. जाऊबाई सही करतात, शेरा वाचता येत नाही. एरवी त्या डायरी माझ्याकडं आणतात. त्या दिवशी मी गोठ्यात होते, म्हणून त्यांनी ती आपल्या चौथीतल्या थोरल्या मुलीसमोर धरली. पोरगी मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात बोट ठेवून एकेक शब्द लावायला लागली. 'प्लीज सेंड' तिला लागलं. 'टुमारो' लागलं. 'चार्ट पेपर' तर ती हसत हसत वाचून गेली. मधला एक लांबलचक शब्द मात्र तिला येईना. तो तिनं सोडून दिला आणि आईला म्हणाली, "आई, उद्या चार्ट पेपर दे म्हणत्यात, आणि काय तरी आणा म्हणत्यात, ते काय कळंना." मी आत येऊन बघितलं. तो शब्द 'कंपल्सरी' होता.

जाऊबाई काही बोलल्या नाहीत. मुलीच्या हातातून डायरी घेतली आणि दप्तरात ठेवली. पण त्यानंतर डायरी माझ्याकडं येणं बंद झालं. ती मुलगीच वाचते.

मला त्या प्रसंगावरून एवढंच वाटलं की दोन्ही शाळांतल्या मुलांना काय येतं ते एकदा समोर बसून बघावं. 'असर' नावाची जी पाहणी 'प्रथम' संस्था २००५ पासून करते, तिची पद्धत अगदी सोपी आहे. एका कागदावर अक्षरं, मग सुटे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथपर्यंत वाचतं, ती त्याची पातळी. परीक्षा नाही, मार्क नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत मारुतीच्या देवळात मी तसाच कागद करून तिसरी-चौथीतल्या पोरांना एकेक करून बसवलं. दोन्ही शाळांतली. आईबाप खांबाला टेकून बघत होते. मुलांना चिवड्याच्या पुड्या मिळणार होत्या, त्यामुळं कुणी रुसलं नाही.

जे दिसलं ते कुठल्याच बाजूच्या सोयीचं नव्हतं. बसमधल्या बऱ्याच मुलांनी इंग्रजी वाक्यं न अडखळता वाचली, उच्चार आमच्या मुलांपेक्षा सफाईदार. 'याचा अर्थ काय रं?' असं विचारलं की ती बाईंनी सांगितलेलं उत्तर आठवत बसत. मराठी गोष्ट त्यांतल्या थोड्यांनाच पूर्ण वाचता आली. आमच्या शाळेतल्या बहुतेकांनी गोष्ट वाचली आणि पुढं काय झालं असेल तेही सांगितलं. पण आमच्याच शाळेतली दोन मुलं शब्दांच्या पुढं सरकेनात. तिसरीत असून. दोघंही त्या वर्षातली, ज्या वर्षी एकच बाई चारही वर्ग सांभाळत होत्या. त्यांतल्या एकाचा बाप ऊसतोडीला जाऊन आलेला. तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, "मला शाळा म्हणत हुती, पोरगं पास हाय."

दिरांनी तेवढंच पकडलं. आणि बरोबर पकडलं. शाळा सरकारी आहे, फुकट आहे, गरिबाची आहे, म्हणून तिला विचारायचं नाही, हे मी मान्य करत नाही. फुकट शाळेतल्या मुलाचं वर्ष वाया गेलं तर त्याच्याकडं दुसरं काहीच नसतं.

खासगी शाळेत मूल खरंच जास्त शिकतं का, या प्रश्नावर आंध्र प्रदेशात मोठा प्रयोग झाला होता. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी तो केला आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोडत काढून काही गरीब मुलांना खासगी शाळेत जायला पैसे दिले, काही सरकारी शाळेतच राहिली. चार वर्षांनी तपासलं तेव्हा तेलुगू आणि गणितात दोन्हींत फरक नव्हता. हिंदीत खासगी शाळेतली मुलं पुढं होती, कारण सरकारी शाळांत हिंदीला तितका वेळच नव्हता. आणि खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. मी हे समितीच्या सभेत सांगितलं. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचं वाक्य घेऊन घरी गेले. मला त्यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटली. चांगल्या घरचं मूल जिथं जातं ती शाळा चांगली दिसते. शाळेनं स्वतः काय दिलं, हे वेगळं काढून बघावं लागतं.

अशातच एका सभेत दत्तक शाळेचा विषय निघाला. सप्टेंबर २०२३ मध्येच सरकारनं ही योजना आणली. कंपनीनं, संस्थेनं किंवा दानशूर माणसानं ठरावीक रकमेच्या सोयीसुविधा शाळेला द्यायच्या, त्या बदल्यात ठरावीक वर्षं शाळेच्या नावाला त्यांचं नाव जोडता येईल. शिक्षक आणि कारभार सरकारकडंच. गावातले एक तरुण पुण्याला कंपनीत आहेत. त्यांनी आणखी पुढची गोष्ट सांगितली. पुण्या-मुंबईत महापालिकेच्या काही शाळा आकांक्षा फाउंडेशन चालवतं. इमारत पालिकेची, फी नाही, शिकवणारी माणसं संस्थेची. अमेरिकेत असल्या शाळांना चार्टर शाळा म्हणतात. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्यानं पहिला कायदा केला. सरकारी पैसा, कारभार स्वतंत्र, आणि ठरल्याप्रमाणं मुलं शिकली नाहीत तर करार संपतो. तिथंही पालकांत उभे दोन तट आहेत. एक म्हणतो आमच्या पोरांना पहिल्यांदा धड शाळा मिळाली, दुसरा म्हणतो जुन्या शाळेची मुलं आणि पैसा तिकडं वळला.

हे ऐकल्यावर सभा तापली. एक बाजू म्हणाली, येऊ दे की संस्था, निदान पत्रे बदलतील, संगणक येईल. दुसऱ्या बाजूला जुनी माणसं होती. ही शाळा त्यांच्या वडिलांनी श्रमदानानं बांधलेली, दगड नदीतून डोक्यावर आणलेले. "शाळंला गावाचं नाव हाय, दुसऱ्याचं कशाला लावायचं?" असं एक मामा उभं राहून म्हणाले आणि बराच वेळ बसले नाहीत. मला नावाची तितकी काळजी नव्हती. माझा प्रश्न साधा होता, आणि मी तो त्या तरुणाला विचारला. अठरा पोरांच्या शाळेला, आंब्याच्या डोंगरात, कोण संस्था येणार? पुण्यात एका इमारतीत शेकडो मुलं असतात. इथं कंपनीला फोटो काढायला यायचं म्हटलं तरी पावसाळ्यात रस्ता नाही. त्यानं मान्य केलं. आमच्या शाळेला दत्तक घेणारं कुणी असलंच तर ते आम्हीच होतो.

त्या सभेतली एक गोष्ट मी मुद्दाम नोंदवते. शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांत वंचित-दुर्बल घरांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के जागांचा विषय निघाला तेव्हा मजुरी करणाऱ्या एका घरानं तोंड उघडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला या जागा ठेवाव्या लागणार नव्हत्या. मुंबई उच्च न्यायालयानं जुलैमध्ये तो बदल रद्द केला, पण तोवर प्रवेशांचा घोळ होऊन शाळा सुरूही झाल्या होत्या. त्या घरातला बाप म्हणाला, "पैसंवाल्यानं सरकारी शाळा सोडली तर त्येची मर्जी, आणि आमी सोडायची म्हटली तर नियम?" सभेत शांतता झाली. सरकारी शाळा वाचवायची म्हणून गरिबालाच तिथं बांधून ठेवायचं, हा मार्ग मला तेव्हाही पटला नाही, आताही नाही. शाळा टिकली पाहिजे ती चांगली म्हणून.

मग आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांत निम्म्या तरी बायका असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. हे अधिकार कागदावर आहेत, वापरणाऱ्याला मिळतात. रिक्त जागेचा ठराव करून आम्ही तो पंचायत समितीत नेला, पोच घेतली, उत्तर आलं नाही तेव्हा पुन्हा नेला. दरम्यान गावातलीच एक डी. एड. झालेली मुलगी घरी होती. दुधाच्या बिलातून घरटी थोडी थोडी वर्गणी काढून आम्ही तिला पहिली-दुसरीवर ठेवलं. वर्गणी देणाऱ्यांत माझे दीरही होते, आणि ते आजोबाही, ज्यांचा नातू बसनं जातो. पहिलीपासून गणित इंग्रजीतून घ्यायचं, सेमी इंग्रजी, हे बाईंनी मान्य केलं. बदलीच्या हंगामात दुसरे गुरुजी आले.

शब्दापाशी अडकलेली ती दोन्ही मुलं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गोष्ट वाचायला लागली. त्यांना रोज दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास त्या मुलीनं वेगळं बसवलं होतं. दुसरी कसलीही युक्ती नव्हती.

पट आता चोवीस आहे. बसमधून परत आलेली मुलं फार नाहीत, बहुतेक नवी पहिलीची आहेत. दिरांचा मुलगा अजून बसनंच जातो आणि तिथं तो रमलाय. त्याला मित्र आहेत, गॅदरिंगमध्ये तो नाचतो. त्याला काढा असं मी म्हणत नाही. कोल्हापूर शहरात महापालिकेच्या जरगनगरच्या शाळेत प्रवेशासाठी पालक गुढीपाडव्याला रांग लावतात, हे मी जाऊबाईंना अनेकदा सांगितलंय. त्या म्हणतात, "तशी झाली की बघू." ही अट मला रास्त वाटते.

याच मातीत छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तेव्हा एक रुपया ही मोठी रक्कम होती. त्या काळी आईबापाला शाळेच्या दारापर्यंत आणायला कायदा लागला. आज आमचे आईबाप शाळेसाठी म्हशीचं दूध घालतात. पण दारातून आत येऊन विचारायची सवय अजून लागलेली नाही, सरकारी शाळेत नाही आणि फीच्या शाळेतही नाही. फीच्या शाळेत तर पालकसभेत फक्त सूचना वाचून दाखवतात, असं जाऊबाईच सांगतात.

एप्रिलमध्ये शाळापूर्व तयारीचा मेळावा असतो, जूनच्या मध्याला शाळा उघडते. तुमच्या मुलाचं नाव कुठं घालायचं ते तुम्ही ठरवा. पण गावच्या शाळेतून ते काढण्याआधी एकदा व्यवस्थापन समितीच्या सभेला जा. शिक्षकांच्या किती जागा मंजूर आहेत आणि किती भरल्या आहेत ते विचारा. तिसरीतल्या एका मुलाला उभं करून गोष्ट वाचायला सांगा. उत्तर मिळालं नाही तर ते लेखी मागा आणि पोच घ्या. आणि नाव काढून नेलं, तरी पुढच्या सभेला या. वाड्यावरच्या मुलींच्या वतीनं पंचायत समितीत बोलायला माणूस लागतो.